बारा व्होल्टच्या एसएमपीएसवर कॅम्पिंगची लिथियम बॅटरी चार्ज होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तसला, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज १२ व्होल्ट डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) घरात पडून आहे. नुकतीच १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली आहे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायचं आहे. सोबत एलईडी दिवे, चार फोन, दोन पंखे आणि कॅमेरा असेल. तिथे लाईट नाही, पण जागेचा मालक संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालवतो. एसएमपीएसवरचा प्रीसेट (आकडा कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवून व्होल्टेज १४.४ केलं आणि सरळ बॅटरीला जोडलं, तर चालेल का?

नाही, चालणार नाही. पण तुम्हाला जे हवं आहे ते याहून कमी पैशांत आणि कमी जोखमीत होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉवर सप्लाय व्होल्टेज धरून ठेवतो. करंट किती ओढायचा ते समोरचा लोड ठरवतो. बल्बला, पट्टीला, कॅमेऱ्याला हे ठीक आहे, कारण ते आपल्या गरजेपुरतंच घेतात. बॅटरी तशी नसते. अर्धी रिकामी बॅटरी समोर आली की ती मिळेल तेवढं ओढते. चार्जरला म्हणून दोन कामं यावी लागतात. सुरुवातीला करंट एका आकड्यावर बांधून ठेवायचा आणि व्होल्टेज बॅटरीच्या मागे मागे चढू द्यायचं. व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचलं की ते तिथेच धरायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. बाजारात याला सीसी-सीव्ही म्हणतात. तुमच्या एसएमपीएसकडे यातलं दुसरं काम आहे, पहिलं नाही, आणि लिथियमला पहिलंच जास्त महत्त्वाचं.

आकडे घालून बघा. बॅटरी, तिच्यातला बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आणि वायरी मिळून रेझिस्टन्स ३० मिलिओहम धरू. बॅटरी १२.८ वर आहे, सप्लाय १४.४ वर. फरक १.६ व्होल्ट. भागिले ०.०३, म्हणजे पन्नासहून जास्त अँपिअर. सप्लाय ३० चा. पुढे काय होईल ते त्या सप्लायच्या ओव्हरलोड प्रोटेक्शनवर अवलंबून आहे. बरेचसे सप्लाय अशा वेळी बंद पडून सेकंदाभराने पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतात, पुन्हा बंद पडतात. आतून टिक-टिक ऐकू येते, दिवा लुकलुकतो, आणि सकाळी बघावं तर बॅटरीत काहीच गेलेलं नसतं. काही सप्लाय बंद न पडता रेटिंगच्या वर तासन्‌तास तापत राहतात. स्वस्तातल्या काहींमध्ये प्रोटेक्शन नावापुरतंच असतं आणि त्यांचा मॉसफेट (आतला स्विच) किंवा आउटपुटचा डायोड जातो. तुमचा यातला कोणता, हे बाहेरून सांगता येत नाही.

शिवाय १२ व्होल्टच्या सप्लायचा प्रीसेट साधारण दहा टक्केच फिरतो. १३.२ च्या आसपास तो संपतो. त्यापुढे जायचं तर आतल्या फीडबॅकचा रेझिस्टर बदलावा लागतो. आउटपुटचे कपॅसिटर १६ व्होल्टचे असतात, ते १४.४ वर आणि त्या डब्यातल्या उष्णतेत फार दिवस टिकत नाहीत. तेही २५ व्होल्टचे घालावे लागतात. एवढं सगळं करून हाती येतो तो करंट न बांधलेला सप्लायच.

आता हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडू, कारण किती अँपिअरचा चार्जर हवा हे आधी न ठरवल्यामुळेच लोक ३० अँपिअरच्या डब्यामागे लागतात. तुम्ही लिहिलेल्या सामानावरून रात्रीचा खर्च असा निघतो: २० वॅटचे एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १०० वॅट-अवर. चार फोन, चार्जिंगमधली गळती धरून ८०. पंधरा वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास, २४०. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या ३०. बेरीज ४५०. भागिले १२.८, म्हणजे रात्रीला ३५ अँपिअर-अवर. दोन रात्रींचे ७०. तुमची बॅटरी १०० ची आहे. घरून पूर्ण भरून नेली तर दोन्ही रात्री जनरेटरला हात न लावता निघतात आणि तरी तीस टक्के उरते.

मग चार्जरचं मुख्य काम घरी आहे, तंबूत नाही. घरी वेळच वेळ आहे. ५ अँपिअरने रिकामी बॅटरी वीस तासांत भरते, म्हणजे गुरुवारी रात्री लावली की शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या आत तयार. जनरेटरच्या तीन तासांत आणखी १५ अँपिअर-अवर मिळतात, म्हणजे जवळजवळ अर्ध्या रात्रीचा खर्च. तिसरी रात्र वाढवायची झाली तरी त्यावर निभावतं. गाडीत कॉम्प्रेसरचा फ्रीज असता तर मी वेगळं सांगितलं असतं. उन्हाळ्यात तो एकटाच दिवसाला ४०० ते ५०० वॅट-अवर खातो. तुमच्याकडे तो नाही. पाच अँपिअर तुम्हाला पुरतात.

आणि पाच अँपिअरसाठी सगळ्यात चांगला पॉवर सप्लाय बहुतेक घरांच्या खणात आधीच पडलेला असतो: जुन्या लॅपटॉपचा १९ किंवा १९.५ व्होल्टचा ९० वॅटचा अडॅप्टर. मी लोकांना हाच वापरायला सांगतो. तो पूर्ण बंद असतो, त्यामुळे २३० व्होल्टचा कुठलाही भाग बोटाला लागत नाही. १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही दिलं तरी चालतो, त्यामुळे गावातलं पडलेलं व्होल्टेज आणि जनरेटरचं हेलकावणारं व्होल्टेज, दोन्ही पचवतो. ओव्हरलोड झाला तर बंद होतो. फक्त कंपनीचा, बीआयएसची खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या भागात वापरलेले अडॅप्टर सहज मिळतात, पण हातात घेतल्यावर जो अगदीच हलका लागतो तो सोडून द्या. ६५ वॅटचा असेल तर तोही चालेल, मात्र त्यावर साडेतीन अँपिअरच्या पुढे जाऊ नका.

या अडॅप्टरच्या पुढे लागतं एक बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारं) मॉड्यूल, ज्याच्यावर व्होल्टेज आणि करंट असे दोन वेगवेगळे प्रीसेट आहेत. एक्सएल ४०१६ या आयसीचं, दोन ॲल्युमिनियम हीटसिंकवालं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. घेताना निळे चौकोनी प्रीसेट मोजा. एकच असेल तर ते फक्त व्होल्टेजचं मॉड्यूल आहे, आपल्या कामाचं नाही. जाहिरातीत ३०० वॅट लिहिलेलं असतं. आयसीची स्वतःची मर्यादा ८ अँपिअर आहे, आणि तीही थंड ठेवला तर. तुम्ही ते ५ वर चालवा आणि वर एक छोटा पंखा लावा. १४.२ व्होल्ट गुणिले ५, म्हणजे ७१ वॅट बॅटरीकडे जातात, अडॅप्टरमधून ८० च्या आसपास ओढले जातात. मधले आठ-नऊ वॅट त्या हीटसिंकांवर उष्णता म्हणून बाहेर पडतात. बंद डब्यात पंख्याविना ते तासाभरात हात लावता येणार नाही इतके तापतात.

या मॉड्यूलची एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. करंट मोजायचा शंट (अगदी कमी किमतीचा रेझिस्टर) बहुतेकांमध्ये निगेटिव्हच्या वाटेवर असतो. त्यामुळे इनपुटचं निगेटिव्ह आणि आउटपुटचं निगेटिव्ह दिसायला एकच वाटलं तरी ते एक नाही. बाहेरून कुठेही ते जोडले गेले, समजा दोन्ही वायरी एकाच पत्र्यावर कसल्या, तर करंट शंटला वळसा घालून जातो आणि करंटची मर्यादा शिल्लकच राहत नाही. याच कारणासाठी एका सप्लायवर अशी दोन मॉड्यूल समांतर लावून करंट दुप्पट करायच्या फंदात पडू नका. परतीचा करंट दोन्ही शंटांमधून वाटला जातो आणि कोणतं मॉड्यूल किती देतं याचा मेळ लागत नाही.

मॉड्यूल आणि बॅटरी यांच्यामध्ये पॉझिटिव्हच्या वायरीत एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. तो नसेल तर जनरेटर बंद झाल्यावर बॅटरीतली वीज उलटी मॉड्यूलमध्ये आणि तिथून अडॅप्टरमध्ये शिरते. हे डोळ्यांनी दिसतं: प्लग काढून हातात घेतला तरी अडॅप्टरवरचा छोटा दिवा जळत राहतो. रात्रभर बॅटरी तशीच झिरपते आणि मॉड्यूलचा आयसी उलट्या दिशेने वापरला जातो, ज्यासाठी तो बनलेला नाही. एमबीआर २०४५ सारखा ४५ व्होल्टचा, दोन डायोडवाला शॉटकी घ्या, त्याचे दोन्ही ॲनोड एकत्र जोडा आणि तो बोटभर हीटसिंकवर कसा. पाच अँपिअरला त्याच्यावर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे दोन-अडीच वॅट. त्याची धातूची पाठ कॅथोडला जोडलेली असते हे लक्षात ठेवून मधे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ तुकडा घाला.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. हा डायोड बॅटरी उलटी जोडण्यापासून वाचवत नाही. उलटी जोडली तर करंट मॉड्यूलमधल्या डायोडमधून आणि या डायोडमधूनही सरळ दिशेनेच वाहतो आणि थेट शॉर्ट होतो. तेव्हा वाचवतो तो फक्त फ्यूज. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत गाडीचा ब्लेड फ्यूज लावा, चार्जिंगच्या वायरीसाठी १० अँपिअरचा. फ्यूज चार्जरच्या टोकाला लावून उपयोग नाही. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर तिला जाळणारा करंट बॅटरीकडून येणार आहे, चार्जरकडून नाही. आणि मगरीचे चिमटे वापरू नका. अंधारात, टॉर्च तोंडात धरून चिमटे लावताना उलटं लागायला क्षणही पुरत नाही. उलटा बसूच शकत नाही असा कनेक्टर घ्या. ड्रोन आणि ई-बाईकवाल्यांमुळे एक्सटी ६० आता कुठेही मिळतो. बॅटरीकडच्या बाजूला त्याचा फिमेल भाग ठेवा, म्हणजे उघडी टोकं कधी जिवंत राहत नाहीत.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची, शक्यतो दीड मीटरच्या आत. जाऊन-येऊन तीन मीटर झाले तरी पाच अँपिअरला सुमारे ०.१ व्होल्टच पडतो, आणि करंट उतरला की तोही जातो. लग क्रिंप करा, नुसती वायर पिळून नटाखाली दाबू नका.

आता सेटिंग. बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून क्रमाने सांगतो. बॅटरी अजून जोडायची नाही. डायोडच्या पुढच्या बाजूला बाईकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावा आणि त्या बल्बच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. बल्बची गरज अशासाठी की शॉटकीवर पडणारं व्होल्टेज करंटप्रमाणे बदलतं. काहीच लोड नसताना मीटर जवळजवळ मॉड्यूलचंच व्होल्टेज दाखवतो आणि तो आकडा खरा नसतो. पाच अँपिअर वाहताना सेट केलं, तर शेवटी करंट कमी झाल्यावर डायोडवरची घट कमी होते आणि बॅटरीवरचं व्होल्टेज तुमच्या आकड्याच्या वर सरकतं. छोट्या लोडवर सेट केलं की वर जायची भीती फारशी राहत नाही. बल्ब जळता ठेवून व्होल्टेजचा प्रीसेट १४.२ वर आणा. हे प्रीसेट पुष्कळ फेऱ्यांचे असतात. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत आकडा हलतच नाही, मग अचानक पळतो. घाई करू नका.

१४.२ का, १४.६ का नाही? चार सेल आहेत. १४.६ म्हणजे प्रत्येकी ३.६५, ही वरची हद्द आहे. नव्या बॅटरीतले सेल एकमेकांशी अजून पूर्ण जुळलेले नसतात. १४.६ ला एखादा सेल बाकीच्यांच्या आधी हद्द ओलांडतो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. १४.२ म्हणजे प्रत्येकी ३.५५. या आकड्याला बॅटरी जवळजवळ पूर्णच भरते आणि बीएमएसला मधे पडावं लागत नाही. बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजचं चार्जिंग थांबवायचं काम त्याच्यावर टाकू नये.

मग करंट. करंटचा प्रीसेट पूर्ण खाली, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवा. बॅटरी थोडी वापरलेली असू द्या, निदान वीस-तीस टक्के रिकामी. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मालिकेत जोडा, अडॅप्टर चालू करा, मग बॅटरीचा कनेक्टर लावा आणि प्रीसेट हळूहळू चढवत ५ वर थांबा. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे ना ते बघा. वायरमनकडचे साधे क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. त्या शून्यावर विसंबून प्रीसेट चढवत नेला तर मॉड्यूल जातं. आकडे लागले की दोन्ही प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका. गाडीच्या धक्क्यांनी ते हलतात.

बॅटरी भरली हे कसं ओळखायचं? १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी भरली असं तेव्हा धरतात, जेव्हा व्होल्टेज वरच्या आकड्याला धरून ठेवलेलं असताना करंट क्षमतेच्या पाच टक्क्यांवर, म्हणजे ५ अँपिअरवर येतो. तुम्ही सुरुवातच ५ ने केली आहे. म्हणजे मीटरवर १४.२ दिसलं की बॅटरी व्यवहारात भरलेलीच आहे. आणखी तासभर ठेवा, तेवढ्यात बीएमएस सेल थोडे जुळवून घेईल, आणि काढा. दिवसेंदिवस १४.२ वर टांगून ठेवणं या बॅटरीला मानवत नाही. घरी झोपताना लावत असाल तर प्लगच्या आधी फिरत्या चकतीचा २४ तासांचा साधा टायमर लावा. काढल्यावर काही तासांनी व्होल्टेज १३.३ ते १३.४ वर येऊन बसेल. ते पाहून पुन्हा लावायला जाऊ नका, भरलेल्या बॅटरीचं विश्रांतीचं व्होल्टेज तेवढंच असतं.

आता तुमच्या ३० अँपिअरच्या डब्याविषयी. काही जण सुचवतील की तो १२ वरच राहू द्या आणि पुढे करंट-लिमिटवालं बूस्ट (व्होल्टेज वर चढवणारं) मॉड्यूल लावून १४.२ करा. हे करू नका. बूस्टमध्ये इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोड सरळ रांगेत जोडलेले असतात. बॅटरी १२ च्या खाली गेली असेल, आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात रिकामी असते, तर करंट त्या वाटेने बेलगाम वाहतो आणि मॉड्यूलचं कंट्रोल त्याला अडवूच शकत नाही. आउटपुट शॉर्ट झालं तरी तेच. बकमध्ये मधे स्विच असतो, तो उघडला की वाट बंद. बॅटरीसाठी नेहमी वरून खाली उतरावं.

तसंच हा सप्लाय सोलरच्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला पॅनलच्या जागी लावायची युक्ती. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनल सरळ बॅटरीला जोडतो आणि तोडतो, एवढंच. पॅनलचा करंट मुळात मर्यादित असतो म्हणून तिथे ते चालतं. सप्लाय जोडला की गाडी पुन्हा त्याच पन्नास अँपिअरवर येते.

ज्यांना खरोखर १५-२० अँपिअर हवेत आणि ज्यांना सोल्डरिंगचा सराव आहे, त्यांच्यासाठी थोडं आतलं. या डब्यांतल्या पुष्कळशांमध्ये टीएल ४९४ किंवा त्याचा जुळा केए ७५०० हा आयसी असतो. त्यात दोन एरर ॲम्प्लिफायर असतात. एक व्होल्टेज सांभाळतो. दुसरा, पिन १५ आणि १६, शंट लावून करंट बांधायला वापरता येतो, आणि खरा चार्जर तिथूनच तयार होतो. पण तो दुसरा ॲम्प्लिफायर प्रत्येक बोर्डात वेगळ्या कामाला जुंपलेला असतो, त्यामुळे अमुक रेझिस्टर काढा आणि तमुक घाला असं बोर्ड न पाहता मी सांगणार नाही. एवढी पॉवर लागत असेल तर रस्त्यावरच्या दिव्यांसाठी बनणारे सीसी-सीव्ही एलईडी ड्रायव्हर बघा. मीनवेलच्या एचएलजी मालिकेतल्या ‘ए’ प्रकारात व्होल्टेज आणि करंट दोन्हीचे प्रीसेट कारखान्यातूनच येतात, आणि डबा पाणीरोधक असतो. डेटाशीटमध्ये व्होल्टेजची रेंज १४.२ ला कवेत घेते का, एवढं पाहून मॉडेल निवडा, आणि बॅटरीच्या वाटेवर शॉटकी व फ्यूज तिथेही लावा. कॉम्प्युटरचा जुना सप्लाय वाढवायच्या वाटेला जाऊ नका. त्यात ३.३, ५ आणि १२ एकमेकांना बांधलेले असतात आणि एक हलवलं की पहारा देणारा आयसी सगळंच बंद करतो.

डबा उघडणारच असाल तर चार गोष्टी. आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मीटर लावून शून्य पाहिल्याशिवाय बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नका, ४० वॅटचा पिवळा बल्ब टोकांना लावून उतरवा. कडेला ११० आणि २२० असा सरकता स्विच असेल तर तो २२० वरच आहे ना, हे जोडण्याआधी बघा, दर वेळी बघा. ११० वर राहिला आणि २३० दिले, तर आत दुप्पट व्होल्टेज तयार होतं आणि कपॅसिटर स्फोटासारखे फुटतात. सामानाच्या पिशवीत घासून तो स्विच सरकतो, म्हणून त्यावर टेप चिकटवून टाका. आणि पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये ६० किंवा १०० वॅटचा सिरीज बल्ब ठेवा. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

जनरेटरबद्दल. मोठा एसएमपीएस लोक वॅट पाहून लावतात आणि जनरेटर कण्हायला लागतो, तेव्हा त्यांना कळत नाही काय झालं. ज्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर करेक्शन (मेन्समधून करंट सलग ओढायची सोय) नसतं, तो २५ अँपिअरने चार्ज करताना ४२० वॅट घेतो. पण पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असल्यामुळे जनरेटरवर भार पडतो ७०० व्हीएचा. एक केव्हीएच्या छोट्या जनरेटरवर बाकी तंबूंचे दिवे आणि मालकाचा मिक्सर असताना हे जास्तच होतं. तुमचा ९० वॅटचा अडॅप्टर त्याच्या खिजगणतीतही येत नाही, मालकाला विचारायलाही संकोच वाटणार नाही. जनरेटर सुरू झाल्यावर मिनिटभर थांबून, इंजिनाचा आवाज स्थिर झाल्यावर प्लग लावा, आणि तो बंद करायच्या आधी काढा. पेट्रोल संपत आल्यावर इंजिन आचके देतं तेव्हा व्होल्टेज खूप वरखाली होतं.

पत्र्याच्या डब्याचा सप्लाय जनरेटरवर वापरला, तर त्याच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अर्थिंग नसलं की आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे तो पत्रा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो. छोट्या जनरेटरचं न्यूट्रलही बहुतेक वेळा जमिनीला जोडलेलं नसतं, त्यामुळे दोष आला तरी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडेलच असं नाही. जूनच्या ओल्या गवतात अनवाणी उभं राहून त्या पत्र्याला हात लावायची वेळ येऊ नये, हेही बंद प्लॅस्टिकच्या अडॅप्टरच्या बाजूने मोठं कारण आहे.

मॉड्यूल, डायोड आणि पंखा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा. भोकं खालच्या बाजूला आणि कडांना, वर नको. भंडारदऱ्याला मे अखेरीस वळवाची सर कधीही येते. भोकांवर आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर ऊब शोधत मुंग्या शिरतात आणि प्रीसेटच्या टोकांपाशी चिरडून बसतात. चार्जिंग तंबूत करू नका. बॅटरी आणि डबा तंबूबाहेर, ताडपत्रीखाली, विटेवर किंवा क्रेटवर ठेवा, आणि तंबूत फक्त फ्यूज लावलेली दिव्यांची वायर आत घ्या. जनरेटर तंबूपासून निदान वीस फूट दूर आणि त्याचा धूर तंबूकडे येणार नाही असा असला पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. मालकाने जवळ ठेवला असेल तर स्पष्ट बोलून हलवायला लावा.

काजव्यांसाठी एक विनंती, कारण तुम्ही त्यांच्यासाठीच जाताय. ते लुकलुकतात ते जोडीदाराला खूण द्यायला, आणि पांढऱ्या प्रखर उजेडात ती खूण हरवते. २० वॅटच्या पट्ट्या जेवणापुरत्या लावा, मग बंद करून एखादा मंद लाल दिवा ठेवा. दिव्यांच्या हिशेबातले निम्मे वॅट-अवरही वाचतील.

तुम्ही शेवटी विचारलंय की हाच चार्जर घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला चालेल का. चालेल, पण अपुरा पडेल. त्या बॅटरीला क्षमतेच्या दहा टक्के करंट लागतो, १५० च्या बॅटरीला १५ अँपिअर. पाचने ती भरायला दोन दिवस घेईल. तिचं व्होल्टेजही वेगळं: १४.४ ला भरायची आणि मग १३.६ च्या आसपास धरून ठेवायची. उन्हाळ्यात ४० अंशांना हे आकडे साधारण ०.३ व्होल्टने खाली आणावे लागतात, नाहीतर पाणी उडतं. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून मोकळ्या हवेतच. दर वेळी प्रीसेट फिरवत बसण्यापेक्षा तिच्यासाठी दुसरं मॉड्यूल घ्या आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवा.

आणि याच बॅटरीसह कधी गाडीने स्पितीला किंवा लडाखला गेलात, तर पहाटे शून्याखाली तापमान असताना चार्जर लावू नका. गोठलेल्या लिथियम सेलमध्ये चार्ज ढकलला की आत धातूचा थर बसतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. सगळ्याच बीएमएसमध्ये थंडीचं प्रोटेक्शन नसतं. बॅटरी रात्री गाडीत, गोधडीत गुंडाळून ठेवा आणि ऊन वर आल्यावर, सेल पाच अंशांच्या वर गेले की मगच प्लग लावा. वापरायला मात्र त्या थंडीतही अडचण नाही.